पसंतीक्रम

मानकापूर चौकात माझं दुकान.
झेरॉक्स, प्रिंट, पासपोर्ट फोटो,
आणि जुलै लागला की फक्त एकच काम:
कोणतं कॉलेज वर, कोणतं खाली.

कूलर आता दमट हवाच फिरवतो,
तरी लावून ठेवतो. पालकांना बरं वाटतं.
त्या आवाजात आकडे जरा कमी ऐकू येतात.

चौऱ्याण्णव पॉइंट दोन सात,
ठवरेभाऊंनी बसायच्या आधीच सांगितलं,
दवाखान्यात दुखणं सांगतात तसं.
कोराडीच्या पॉवर प्लांटात ठेक्यावर आहेत,
नखांत राख.
पिशवीतून पेपरचं कात्रण काढलं,
राज्यातली कॉलेजं, एकापासून शंभरपर्यंत,
रेशनकार्डाच्या प्लास्टिकात जपलेलं.
'पेपरात पहिलं ते पहिलं टाका. दुसरं ते दुसरं.
आपण डोकं नाही लावायचं.'

मी टाकत गेलो. कोड, ब्रँच, ओके.
कोड, ब्रँच, ओके.
त्यांचं बोट कात्रणावर, ओळीगणिक खाली सरकणारं.
मुलगी भिंतीजवळच्या खुर्चीवर, मांडीवर हेल्मेट.
एकोणसाठाव्या नंबरला ते उठले,
'चहा सांगून येतो,'
मोबाइल माझ्याच चार्जरला लावलेला राहिला.

'काका, हे उलटं करता येते का?'
'उलटं?'
'लांबून. नागपूरपासून सगळ्यात लांब ते एक नंबर.'

मी हसलो. ती नाही हसली.
'सोमवारी क्लासची टेस्ट राहते,
मंगळवारी बेंच बदलते, नंबराप्रमाणं.
दोन वर्षं मी तिसऱ्यावरून अकराव्यावर,
अकराव्यावरून सातव्यावर जाऊन राहिली.
आता बर्डीवर कोणी भेटलं
तर पहिले बेंच विचारते,
मग आईची तब्येत.'

सोळा वर्षं झाली या धंद्याला.
दुसऱ्याच्या फॉर्मवर आपलं मत नाही,
पन्नास रुपयांत मत बसत नाही.

पण माउस माझ्या हातात होता.

भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आहे, बँकेचा, जुना,
नागपूर उजवीकडं, जवळजवळ चौकटीबाहेर.
तिनं अंगठा तिथं टेकवला, वीत ताणली,
करंगळी पोचली नाही.
मग माझी वीत.
रत्नागिरी.
त्याखाली सांगली, मग कराड.
पुण्याची मोठी मोठी नावं मध्ये कुठंतरी दबली,
चार हजारांनी सुरू होणारे आपले सगळे कोड
तळाला, गाळासारखे.

ओटीपी बापाच्या फोनवर आला.
तिनं वाचून दाखवला, न अडखळता.

ते आले तेव्हा प्रिंट गरम होती.
पिशवीत बांधलेला चहा, तीन कागदी कप.
ओठ हलवत वाचलं त्यांनी, पहिली ओळ दोनदा.

'हे पेपरात इतकं वर नाही.'
'नाही.'
'लॉक झाला?'
'झाला.'
'आणि हेच मिळालं तर?'
'पहिलं मिळालं की सिस्टीम स्वतःच फ्रीज करते भाऊ.
मग माघारी फिरता येत नाही.'

मुलीकडं नाही, तिच्या चपलांकडं पाहिलं त्यांनी,
बराच वेळ, जणू माप घेऊन राहिले.
कूलर तेवढा बोलत होता.

मग म्हणाले,
'रत्नागिरीला गाडी कुठं बदलावी लागते?'

मला माहीत नव्हतं. थांबा, पाहतो म्हणालो,
आणि तेवढ्यात लाइट गेली.

'आमच्याकडंच काही ट्रिप झालं असंल,'
अंधारातून ते म्हणाले,
'येते दहा मिनिटांत.'

तिघंही बसलो मग, चहा पीत.
एक कप कोणीतरी कात्रणावर ठेवला होता.